वाजविणाऱ्यांकडे पाहताना



संगीतावर बोलावयास उभा राहणाऱ्याला चार राग तरी ओळखता यावेत, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. ती आमच्याकडून पुरी होणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मागाच्या कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. रागदारीतले आम्हाला कळत नाही. काम कशाला म्हणतात ते मात्र तीस वर्षे कामगारांत वावरून थोडेफार कळू लागले आहे. म्हणून आज आम्ही गाण्यावर न बोलता, गाणे ज्यांच्या हातांतून निघते त्या वाजविणाऱ्यांवर बोलणार आहोत. वाजविणारा हाही कामगारच आहे, आणि त्याच्या कामाचे पहिले हत्यार म्हणजे त्याचा कान आहे, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. ऐकावयास ही गोष्ट साधी वाटते. परंतु आपल्या गावात ती साधी राहत नाही. ती का, हे पुढे ओघाने येईल.

आपले गाव दोन आवाजांसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहिला आवाज पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा. १८४९ साली जन्मलेल्या बुवांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ ग्वाल्हेरची गायकी शिकून ती महाराष्ट्रात आणली, शिष्य तयार केले, आणि गावाचे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून ठेवले. १९२६ साली ते वारले. दुसरा आवाज यंत्रमागाचा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग बसविला. म्हणजे हिशेब केला तर बावीस वर्षे बुवांचा आणि यंत्रमागाचा काळ एकच होता. पुढे माग वाढत गेले, गल्लोगल्ली गेले, घराच्या पुढच्या सोप्यातही शिरले. आज परगावचा पाहुणा इचलकरंजीत उतरला की त्याला बुवांचे नाव आठवण्याआधी मागाचा खडखडाट ऐकू येतो. आम्हा गावकऱ्यांना तो ऐकू येत नाही, तो थांबला की मात्र चटकन कळते.

असा तो वर्षातून एकदा दिवाळीला थांबतो. बोनसाचा तिढा सुटलेला असतो, निदान पुढच्या वर्षावर ढकललेला असतो. परप्रांतीय कामगार गावी गेलेले असतात. रस्त्यावर माणसाचे बोलणे माणसाला ऐकू येते. गेल्या दिवाळीच्या या सुट्टीत गावातल्याच एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम नाट्यगृहात झाला. जुनी भावगीते, नाट्यगीते, चित्रपटगीते, मध्ये एक लावणी, शेवटी भैरवी, असा नेहमीचा बेत होता. आम्ही तिकीट काढून गेलो. जागा मिळाली ती अगदी पुढच्या रांगेत कडेला. तेथून गायकाची पाठ दिसत होती आणि वाजविणारे मात्र पुरते दिसत होते. त्यामुळे त्या रात्री आमचे ऐकणे कमी झाले आणि पाहणे अधिक झाले.

वाजविणारे तेराजण होते. अकॉर्डियन घेऊन बसलेले संचालक, हार्मोनियम, की-बोर्ड, व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, मेंडोलिन, बेस गिटार, तबला, ढोलक, कोंगो, ऑक्टोपॅड, आणि अगदी मागे खुळखुळे, मंजिरी, घुंगरू असली लहानसहान वाद्ये सांभाळणारा एक तरुण. सगळ्यांनी एकाच रंगाचे जाकीट घातले होते. त्या जाकिटाखाली कोण कोण होते, ते गावचे असल्यामुळे आम्हाला ठाऊक होते. चौघे मागावर काम करणारे. एक सायझिंगमधला, एक वहिफणीवाला. एक शाळेत संगीत शिकविणारा, एक रिक्षावाला, एक शिंपी, एक कापडाच्या पेढीवरचा दिवाणजी, लग्नसराईत बँडपथकात वाजविणारे दोघे, आणि एक कॉलेजात शिकणारा मुलगा. तेराजणांपैकी सहाजण सुतावर पोट भरणारे होते. गाव सुट्टीवर होते आणि हे तेराजण कामावर होते. ज्याला आपण सणाची करमणूक म्हणतो ती कोणाची तरी पाळी असते, हे लक्षात ठेवून पुढचे ऐकावे.

पडदा वर गेला तेव्हा वाद्ये जुळविणे चालू होते. प्रेक्षागृहात त्या वेळी कोणी कोणाला हाका मारीत होते, कोणी मुलांना जागेवर बसवीत होते. पहिले गाणे सुरू झाले की कार्यक्रम सुरू झाला, असे आपण धरून चालतो. पण त्या पाच मिनिटांतच रात्रीचे निम्मे काम झालेले असते. हार्मोनियमने स्वर धरला. व्हायोलिनवाल्याने खुंट्या पिळून तारा त्या स्वराला आणल्या. तबलजी हातोडीने गट्टे ठोकीत एकेक घर पारखीत होता. मागावर नवे बीम चढले की जॉबर ताणा सारखा करतो, एकेक दोर पाहतो, मग हळूच माग चालवून बघतो. त्या वेळी कापड निघत नाही, म्हणून मालकाला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. परंतु त्या वेळात हयगय झाली तर पुढचे शंभर मीटर डागी निघतात. वाद्यांचेही तसेच आहे.

वाद्य जुळण्याची ही विद्या तर आपल्या शेजारीच जन्मली आहे. मिरजेतील सतारी आणि तंबोरे देशभर जातात. ते करणाऱ्या घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार व पाणी देण्याचा, शिकलगारीचा. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात भोपळ्याकडे, लाकडाकडे आणि तारेकडे वळविला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बुडाला म्हणून कामगाराची बोटे बुडत नाहीत, त्यांना नवे काम सापडावे लागते, हा धडा यंत्रमागाच्या गावाने मिरजेकडून अवश्य घ्यावा.

आता त्या मागच्या तरुणाकडे या. त्याच्या हातात मंजिरी होती. एका गाण्यात त्याचे काम फक्त धृपदाच्या शेवटी होते. बाकीचा सगळा वेळ तो नुसता बसलेला दिसे. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी आम्हाला कोपराने खुणावून विचारले, "ह्याला कशाला आणलाय? बिदागी तर सगळ्यांच्या बरोबरीनं घेणार." आम्ही म्हटले, जरा त्याचे ओठ पाहा. त्याचे ओठ हालत होते. तो मात्रा मोजीत होता. बाराजण वाजवीत होते तेवढा सगळा वेळ हा मनाशी वाजवीतच होता, आणि त्याची जागा आली तेव्हा मंजिरी नेमकी पडली. ती एक मात्रा अलीकडे पडती तर शेजारच्या गृहस्थांनाही कळले असते.

मंडळी, या मंजिरीवाल्याने आमच्या डोक्यात एक हिशेब सुरू करून दिला. आपल्या गावात विणकराची मजुरी पिकावर आणि मीटरवर ठरते. धोटा या बाजूने त्या बाजूला गेला की एक पीक. बावन्न पिकांच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, असा दर असतो, आणि तो दर ठरविताना मालक-मजुरांच्या किती बैठका मोडतात ते या सभागृहातील पुष्कळांना माहीत आहे. दोर तुटला तर तो सांधण्याचे, कांडी बदलण्याचे, वीज गेली तर ती येईपर्यंत मागाशी उभे राहण्याचे पैसे त्या दरात वेगळे दिसत नाहीत. हाच दर वाद्यवृंदाला लावून पाहा. ठोक्यावर मजुरी दिली तर तबलजी बंगला बांधील आणि मंजिरीवाला उपाशी मरेल. मग दुसऱ्या दिवशी मंजिरीवालाही ठोके वाढवील, बासरीवाला श्वास न घेता फुंकील, आणि गाण्याचा बाजार होईल. न वाजविण्याची जागा ज्याला कळते तोच खरा वाजविणारा, आणि ती जागा राखण्याचेही दाम असते. ज्या दिवशी आपण कामाचे मोल केवळ हललेल्या हातावरून न ठरविता सांभाळलेल्या जबाबदारीवरून ठरवू, त्या दिवशी मजुरीच्या बैठका निम्म्या वेळात संपतील, असे आमचे नम्र मत आहे.

दुसरी गोष्ट पाहिली ती डोळ्यांची. हे लोक वाजविताना एकमेकांशी सारखे बोलत असतात, पण तोंडाने नव्हे. संचालकाचे दोन्ही हात अकॉर्डियनमध्ये अडकलेले. ते बोलत होते हनुवटीने. ढोलकवाला भुवईने उत्तर देत होता. मागाच्या कारखान्यात हीच भाषा चालते. खडखडाटात शब्द पोहोचत नाही म्हणून आपले विणकर हाताच्या खुणांनी दोर तुटल्याचे सांगतात, ओठांवरून बोलणे ओळखतात. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील बायाही अशाच ओठांच्या बोलीत गप्पा मारीत, आणि त्या बोलीला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव होते. एकीकडे सूर बिघडू नये म्हणून माणसे मुकी होतात, आणि दुसरीकडे आवाजापुढे इलाज नाही म्हणून मुकी होतात. दिसावयास खुणा सारख्या, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या खुणांचा उपयोग कार्यक्रमाच्या मध्यावर दिसला. एका गाण्यात दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा चालू होता. तो संपण्यास दोन आवर्तने शिल्लक असताना गायिकेने पुढचे कडवे उचलले. हे गायिकेच्या पाठीमागच्या तेराजणांना एकाच क्षणी कळले. संचालकांची हनुवटी वर गेली. बेस गिटारवाल्याने सर्वांत आधी जागा धरली, ढोलकवाल्याने उरलेली दोन आवर्तने गिळून एक लहानसा उठाव घेतला, व्हायोलिन मध्येच विरले आणि बासरी गायिकेच्या मागे जाऊन बसली. टाळ्या पडल्या त्या गायिकेला, आणि त्या पडावयासच हव्या होत्या. परंतु एकाची चूक तेराजणांनी पोटात घातली आणि तिचा डंका कोणी पिटला नाही, हे पाहून आम्हाला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. एकजूट, एकजूट म्हणून आम्ही लोक गेटसभेत घसा फोडतो. एकजूट म्हणजे सर्वांनी एकच आवाज काढणे नव्हे. तेराजणांनी तेरा निरनिराळे आवाज काढावयाचे आणि प्रत्येकाने दुसऱ्या बाराजणांचे ऐकत राहावयाचे, याला एकजूट म्हणतात.

आणि ऐकण्याचे काम कानाचे आहे. येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर आलो.

व्हायोलिन वाजविणारे गृहस्थ पन्नाशीचे. मागावर तीस वर्षे झाली. ते नेहमी मध्ये बसतात. त्या रात्री मात्र ते रांगेच्या डाव्या टोकाला, सर्वांना आपल्या उजव्या हाताला घेऊन बसले होते. मध्यंतरात चहाच्या वेळी आम्ही त्यांना सहज विचारले की जागा का बदलली. ते म्हणाले, "आण्णा, डाव्या कानात धोटाच बसलाय बघा. माग बंद झाला तरी त्यो थांबत न्हाई. दिवाळीत सगळं गाव गप हुतंय, तवा तर लईच वाजतोय." मग वाद्य कसे जुळविता, असे विचारल्यावर त्यांनी हनुवटीवर बोट ठेवले. "हितनं कळतंय. लाकूड हाडाला लागतंय न्हवं? बाकीच्यास्नी ऐकायला उजवा कान ठेवलाय."

व्हायोलिन डाव्या खांद्यावर, डाव्या कानाशी धरतात. म्हणजे ज्या कानाशी वाद्य तोच कान गेलेला, आणि सोबत्यांना ऐकण्यासाठी उरलेला एक कान जपून ठेवलेला. त्यांच्या वाजविण्यात कोणालाही उणे दिसले नाही. बाराजणांना ही गोष्ट ठाऊक होती आणि त्यांनी बोलल्यावाचून रांग बदलून घेतली होती. त्या माणसांची थोरवी आम्ही मानतो. पण थोरवीवर भागवून घ्यावे, अशी ही गोष्ट नव्हे.

या दुखण्याचे शास्त्र फार अवघड नाही. कानाच्या आत, शंखासारख्या वळणाच्या भागात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या लाटेने ते केस हालतात आणि मेंदूला खबर पोहोचते. मोठा आवाज रोज तासन् तास आदळत राहिला की त्या पेशी मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोणतेही औषध त्यांना परत आणू शकत नाही. आधी जातात ते उंच स्वर. म्हणून अशा माणसाला आपण बोलतो आहोत हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. स, श, फ, त ही अक्षरे निसटतात. घरातील मंडळी म्हणतात, ह्यांचे लक्षच नसते. वाजविणाऱ्याच्या बाबतीत मंजिरीची किणकिण जाते, व्हायोलिनच्या वरच्या तारेची धार जाते. हे सारे इतके सावकाश होते की ज्याचे जाते त्याला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. ९० वरून १०० झाले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली. कारखान्यांसाठी आपल्याकडे जी मर्यादा ठरली ती अशी की ९० डेसिबलमध्ये आठ तास आणि १०० डेसिबलमध्ये फक्त दोन तास. धोट्याच्या मागांनी भरलेल्या कारखान्यात आवाज शंभरीच्या घरात सहज जातो, आणि पाळी पुष्कळ ठिकाणी बारा तासांची असते. दोनाचे बारा झाल्यावर कानाचे काय होणार, हे सांगावयास डॉक्टर नको. १९४८ च्या कारखाना कायद्याला धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची जी यादी जोडलेली होती, तीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचे नावही होते. पण ठरावीक संख्येहून कमी माणसे असलेला कारखाना कायद्याच्या व्याख्येतच येत नाही, आणि आपल्या गावातील मागांचा फार मोठा वाटा अशा लहान कारखान्यांतच आहे. कायद्याला विणकराचा कान ऐकू येत नाही, तो असा.

कोणी म्हणेल, मागाच्या आवाजाचे रडगाणे संगीताच्या व्याख्यानात कशाला? त्यांच्यासाठी लंडनची एक गोष्ट सांगतो. तेथील रॉयल ऑपेरा हाऊसच्या वाद्यवृंदात एक व्हायोलावादक होते. २०१२ साली वाग्नरच्या एका संगीतनाटकाच्या तालमीत त्यांची जागा पितळी वाद्यांच्या अगदी पुढे आली. त्या तालमीतील आवाजाने त्यांच्या कानाला कायमची इजा झाली आणि वाजविणे सोडावे लागले. त्यांनी दावा लावला. संगीत हे कलेचे क्षेत्र आहे, तेथे आवाज हेच उत्पादन आहे, त्याला कारखान्याचे नियम कसे लावता, असा बचाव झाला. २०१८ साली न्यायालयाने निकाल वादकाच्या बाजूने दिला आणि २०१९ साली वरिष्ठ न्यायालयानेही जबाबदारी संस्थेचीच धरली. कलेच्या मंदिरात काम करणाऱ्यालाही कान असतो आणि तो राखण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते, हे त्या निकालाने ठरले. लंडनच्या नाट्यगृहात जो कायदा वाद्यांच्या आवाजाला लागतो, तो इचलकरंजीत मागाच्या आवाजाला लागू नये काय? आणि ज्याचा विणकराचा कान व वादकाचा कान एकच आहे, त्याने दाद कोठे मागावी?

वादकांनी दाद मागितल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. सर्वांत गोड उदाहरण १७७२ सालचे. योसेफ हायडन हा थोर संगीतकार हंगेरीतील एस्तरहाझी सरदारांच्या पदरी होता. सरदार उन्हाळ्याच्या वाड्यात मुक्काम वाढवीत चालले आणि वादकांची बायकामुले दूर गावी वाट पाहत राहिली. रजा मागण्याची सोय नव्हती. हायडनने नवी रचना बसविली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपले वाजविणे संपवून, पुढची मेणबत्ती विझवून उठून जाऊ लागला. शेवटी दोन व्हायोलिने तेवढी उरली. सरदार समजले आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला, असे सांगतात. एकही अपशब्द न उच्चारता आणि एकही स्वर न चुकविता केलेला असा संप आमच्या तरी पाहण्यात नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादकांच्या संघटनेने तबकड्यांसाठी वाजविणे बंद केले. पुढारी होते जेम्स पेट्रिलो, शिकागोचे एकेकाळचे ट्रंपेटवादक. एकदा वाजवून घेतलेली तबकडी हॉटेलात, रेडिओवर हजार वेळा लागते आणि तेथल्या वादकाची नोकरी खाते. म्हणून विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे वादकांच्या निधीत काही रक्कम पडावी, अशी मागणी होती. कंपन्यांनी नुसत्या गळ्यांच्या साथीवर गाणी काढून पाहिली. अखेर १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत मोठ्या कंपन्याही कबूल झाल्या. त्या निधीतून पुढे बेकार वादकांना पैसे देऊन जनतेसाठी विनामूल्य कार्यक्रम झाले. हक्काचा पैसा वादकांकडून पुन्हा जनतेकडेच गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा डोलारा फार मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांनी उभारला. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागांसाठी शंभराहून अधिक वादकांच्या वाद्यवृंदाचा प्रयत्न केला. या मंडळींची नावे सामान्य श्रोत्याला ठाऊक नव्हती. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्याद्वारे गुरूचे नाव देशाच्या तोंडी बसविले. तरी ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे पुष्कळांना माहीत नाही. १९९० नंतर एकाच की-बोर्डातून पन्नास व्हायोलिनांचा आवाज निघू लागला आणि स्टुडिओतील रांगा रिकाम्या झाल्या. आता गावोगावच्या वाद्यवृंदांपुढे तोच प्रसंग आहे. तयार 'ट्रॅक' लावला की एक गायक पुरतो. तेरा माणसांचा चहासुद्धा वाचतो. ज्यांना 'सुपारी' मिळते त्यांचा एका 'नाइट'चा दर एका पाळीच्या मजुरीहून थोडा अधिक असतो, आणि तालमीचे दिवस धरले तर कमीच पडतो.

यंत्राला आमचा विरोध नाही. यंत्राच्या गावात राहून तो शोभणारही नाही. परंतु ट्रॅकमध्ये एक उणेपण आहे, ते ओळखावे. ट्रॅक ऐकत नाही. गायिकेने दोन आवर्तने आधी कडवे उचलले असते तर ट्रॅक आपल्या वाटेने सरळ पुढे गेला असता. माणसाचे ऐकत ऐकत आपले काम बदलणे हे फक्त माणसालाच साधते, आणि ते पाहण्यासाठी, शिकण्यासाठी गावात एक तरी वाद्यवृंद जिवंत असावा.

तो जिवंत कसा राहील? आपल्या परिसरातच या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस होऊन गेला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर हे मिरजेत बाळकृष्णबुवांचे शिष्य. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, आणि ते राजाच्या मर्जीवर न ठेवता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालविले. दरबारापुरते असलेले गाणे त्यांनी तिकीट लावून सर्वांपुढे आणले. तिकीट म्हणजे सामान्य माणसाने आपल्या कमाईतून कलावंताला दिलेली मजुरी. तीत दोघांचाही मान राहतो. ज्या गावाच्या बुवांचा हा शिष्य, त्या गावाने तरी वादकाला उपकाराची बिदागी देऊ नये, हक्काची द्यावी.

म्हणून आमच्या संवयीप्रमाणे आम्ही मागण्या मांडतो. त्या सरकारकडे नाहीत, तुम्हा-आम्हाकडे आहेत. पहिली : कार्यक्रमाच्या हँडबिलावर गायकाबरोबर प्रत्येक वाजविणाऱ्याचे नाव छापावे, मंजिरीवाल्याचेसुद्धा. दुसरी : मंडळांनी सुपारी देताना रक्कम कागदावर लिहावी आणि तालमीचे दिवस तीत धरावेत. तिसरी : रंगमंचावर भोंग्यांच्या भिंती वादकांच्या कानाशी उभ्या करू नयेत. गणपतीत आणि वरातीत तर तरुण पोरांचे कान आपण हौसेने घालवितो. विणकराचे निदान पोटासाठी जातात. चौथी मागणी कारखानदार बंधूंकडे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मागांची देखभाल वेळच्या वेळी करावी, ढिले भाग आवळावेत, मागाखाली रबराच्या गाद्या घालाव्यात, आणि प्रत्येक कामगाराला कानात घालावयाची बुचे देऊन ती वापरण्याची सवय लावावी. यांतील काहीही परदेशातून आणावे लागत नाही. पाचवी आमच्या कामगार बंधूंकडे. बुचे घातली की मागाचा आवाज बदलतो, दोर तुटलेला कळत नाही, अशी तुमची तक्रार आम्ही ऐकली आहे. चार दिवसांत कान त्या नव्या आवाजाला सरावतो. आणि गेलेला कान मात्र चाळीस वर्षांतही परत येत नाही. वर्षातून एकदा कान तपासून घ्या. ऐकू कमी येणे हा केवळ म्हातारपणाचा दोष नव्हे आणि लाजेची गोष्ट तर मुळीच नव्हे.

दरवर्षी या वसंतात आपण येथे जमतो, ते ऐकण्यासाठी. वक्ता कसाही असो, तास-दीड तास शांत बसून दुसऱ्याचे ऐकून घेण्याची ही संवय गावाने पिढ्यान् पिढ्या जपली आहे. या सभागृहाच्या मागच्या खुर्च्यांवर काही मंडळी कानामागे हात धरून बसलेली येथून दिसतात. त्यांतील किती जणांनी मागावर उमेदीची वर्षे काढली, ते आम्ही नावानिशी सांगू शकू. त्यांच्या आणि त्यांच्या मागून येणाऱ्या पोरांच्या वतीने आम्ही हे बोललो. बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना आपले कान तपासून घ्यावयाचे असतील त्यांनी तीत नाव व कामाची वर्षे लिहावीत. डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था युनियनच्या कचेरीतून होईल. मालकांनीही नाव लिहिण्यास हरकत नाही, कारण पुष्कळ मालकांची उमेदीची वर्षे त्याच मागांशेजारी गेली आहेत.